झाड पडते रस्त्यावर, ठरते रोपवाटिकेत

१/ १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले आणि शहर-उपनगरांत शेकडो झाडे उन्मळून पडली. दोष वाऱ्याचा होता, तसाच बुंध्याभोवती गच्च ओतलेल्या काँक्रीटचाही. परंतु काही झाडांचे पडणे याहून आधी, ती हातभर उंचीची रोपे असतानाच ठरलेले असते. हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या रोपवाटिकांचा इतिहास पाहू.

२/ १८३० साली ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली. तिची बाग शिवडीला होती. परदेशी झाडे आणावीत, ती येथील हवामानात तगतात का ते पाहावे आणि मग त्यांचा प्रसार करावा, असा या काळातील बागांचा उद्देश असे.

३/ या बागेशी संबंधित एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे : जॉन ग्रॅहम. पेशाने टपाल खात्यातील अधिकारी, वृत्तीने वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबई परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी खंडाळ्यास त्यांचे निधन झाले. उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केले. रानातली आणि बागेत आणून लावलेली, अशा दोन्ही वनस्पती तीत नोंदल्या आहेत.

४/ समुद्रमार्गे रोपे आणणे त्या काळी जिकिरीचे होते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी बंद काचपेटीचा उपाय शोधला. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे जगभरच्या बागांमधील देवाणघेवाण सोपी झाली.

५/ आज आपल्याला ‘आपली’ वाटणारी कितीतरी झाडे परदेशांतून आली आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे शास्त्रीय वर्णन १८२९ साली प्रसिद्ध झाले. पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेचा. दोघेही झपाट्याने वाढतात, विस्तीर्ण सावली देतात. मात्र गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ पसरणारी.

६/ १८६२ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच आजची राणीची बाग, खुली झाली. शिवडीच्या जुन्या बागेच्या जागी १८६५ साली दफनभूमी आली. १८७३ साली राणीची बाग नगरपालिकेकडे गेली. हौशी संस्थेचे काम अशा रीतीने नागरी प्रशासनाचे झाले.

७/ त्यानंतर शहर उत्तरेकडे पसरले. १९५० साली अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडपुढील हद्दीपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. नव्या रस्त्यांना सावली हवी होती, तीही लवकर. साहजिकच झटपट वाढणाऱ्या झाडांना पसंती मिळाली.

८/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोपवाटिकेत आणखी एक बदल झाला. मातीच्या कुंड्या आणि बांबूच्या टोपल्या मागे पडून प्लॅस्टिकची पिशवी आली. स्वस्त, हलकी, वाहतुकीस सोयीची. पण रोप तीत फार काळ राहिले की मुळे कडेला अडून गोल फिरू लागतात. जमिनीत लावल्यावरही हा विळखा आपोआप सुटत नाही. झाड वर वाढते. खाली त्याची पकड कच्ची राहते.

९/ १९७५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरणाच्या कर्तव्यांत झाडांच्या गणनेबरोबरच रोपवाटिका चालवणे आणि रोपे पुरवणे हेही त्यात नमूद आहे. म्हणजे रोपवाटिकेचे महत्त्व कायद्याने ओळखले होते. आपल्या चर्चेत मात्र किती झाडे तोडली आणि किती लावली, हेच आकडे येतात. रोप कसे होते, हे कोणी विचारत नाही.

१०/ तो प्रश्न आपण विचारू शकतो. रोपवाटिकेत गेल्यावर सर्वांत उंच रोपाकडे धावू नये. काठीच्या आधाराने उभे असलेले लांबट रोप टाळावे. बुंधा खाली जाड आणि वर निमुळता असावा. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आली असतील, तर रोप तिथे फार दिवस राहिले आहे. माळीदादांना विनंती करून मातीचा गोळा पाहावा : मुळे पांढुरकी, सर्व दिशांना पसरलेली हवीत.

११/ पाने उलटून पाहावीत. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. गेल्या दशकात मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष याच किडीमुळे सुकले. झुडूप घेताना फुले मोजू नयेत. बुडापासून किती फांद्या फुटल्या आहेत ते पाहावे. जागा पाहून ताम्हण, बहावा, बकुळ, करंज यांचा विचार करावा. झुडपांत अडुळसा, निर्गुडी.

१२/ ग्रॅहम यांनी झाडे नावानिशी ओळखून नोंदवली. आपण त्यांची संख्या मोजतो. दोन्ही आवश्यकच. पण बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या रस्त्यावर ज्याच्या सावलीत पुढची पिढी निर्धास्त उभी राहील, त्या झाडाची निवड कोणीतरी रोपवाटिकेत, ओणवे होऊन, मुळे तपासून केलेली असली पाहिजे. या जून महिन्यात ते काम आपण करू या.