गुपित राखणाऱ्याची पारख

राज्याचे गुपित ज्याच्या हाती सोपवायचे त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच पुरातन आहे. कौटिल्याने अमात्यांसाठी धर्म, अर्थ, काम आणि भय या चार उपधा सांगितल्या. म्हणजे प्रलोभन किंवा भीती मुद्दाम पुढे उभी करून माणूस ढळतो की काय, हे पाहण्याची रीत घालून दिली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेने पत्करलेला मार्ग याहून भिन्न होता. तेथे उमेदवाराची गतकाळची वर्तणूक, व्यसने, सोयरसंबंध आणि देणीघेणी दफ्तरी दाखल करून त्यांवरून त्याच्या भावी इमानाचे अनुमान बांधण्यात येऊ लागले. त्या अनुमानापायी किती निरपराध माणसे भरडली गेली आणि खरे अपराधी किती काळ उजळ माथ्याने हिंडले, हा इतिहास प्रत्येक लोकसत्ताक राष्ट्राने मनन करावा असा आहे.

1947 साली अध्यक्ष ट्रूमन यांनी मुलकी नोकरांच्या राजनिष्ठेची चौकशी सुरू केली, तेव्हा प्रश्न मुख्यतः राजकीय मतांचा व संबंधांचा होता. 27 एप्रिल 1953 रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या 10450 क्रमांकाच्या हुकुमाने मात्र या चौकशीचे क्षेत्र एकाएकी विस्तारले. आता केवळ निष्ठा पुरेशी राहिली नाही. अप्रामाणिकपणा, अतिरेकी मद्यपान आणि, त्या हुकुमाच्याच भाषेत, ‘लैंगिक विकृती’ यांपैकी एखादा ठपकाही नोकरी जाण्यास पुरेसा ठरू लागला. समलिंगी मनुष्य आपले रहस्य फुटण्याच्या धास्तीने शत्रूच्या धमकीला बळी पडेल, असा त्यामागे युक्तिवाद होता. परंतु रहस्य फुटल्यास पोटावर पाय येईल ही धास्ती त्या हुकुमानेच बळावली होती, हे सत्य सत्ताधाऱ्यांनी दीर्घकाळ मानले नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर असलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना 1957 मध्ये लष्कराच्या नकाशाखात्यातून बडतर्फ करण्यात आले, आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे गाऱ्हाणे सुनावणीस घेतले नाही. त्यानंतर या मनुष्याने आपले आयुष्य अशाच पीडितांची बाजू मांडण्यात वेचले. सरकारने त्यांची रीतसर क्षमा मागितली ती 2009 साली.

चौकशीची पद्धतीही तितकीच सदोष होती. विल्यम ग्रीन हे मेरीलँडमधील एका कारखान्यात संरक्षणविषयक सामग्री निर्माण करणारे अभियंते. पूर्वपत्नीच्या कथित साम्यवादी लागाबांध्यांचा आणि अन्य काही परिचयांचा ठपका ठेवून 1953 मध्ये त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेण्यात आला. वर्षाकाठी 18,000 डॉलर मिळवणाऱ्या या गृहस्थांना पुढे 4,400 डॉलरांवर इमारतींचे आराखडे काढत बसावे लागले. आणि ज्यांच्या जबान्यांनी हे घडले त्या साक्षीदारांचे तोंडही त्यांना कधी पाहता आले नाही. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की साक्षीदारांची उलटतपासणी करू न देणाऱ्या अशा कार्यवाहीस अध्यक्षांची अथवा काँग्रेसची स्पष्ट मंजुरी नव्हती. पुढल्याच वर्षी नवा हुकूम निघून उलटतपासणीचा हक्क, मर्यादित का होईना, मान्य झाला.

खाजगी आयुष्यावर एवढा कडक पहारा असताना जमाखर्चाची वही मात्र दुर्लक्षित राहिली. नौदलातील जॉन वॉकर हा मद्यगृहाच्या धंद्यात कर्जबाजारी झाला, 1967 मध्ये सोव्हिएत वकिलातीत जाऊन गुप्त संकेतलिपीच्या किल्ल्या विकू लागला, आणि सापडला तो 1985 मध्ये. त्याच वर्षीच्या एप्रिलात सी.आय.ए.चा अधिकारी आल्ड्रिच एम्स घटस्फोटाच्या देण्यांनी गांजून वॉशिंग्टनमधील त्याच वकिलातीत शिरला आणि पन्नास हजार डॉलरांची मागणी असलेला लिफाफा तेथील कर्मचाऱ्याच्या हाती देऊन निघून आला. पुढे सरकारी पगारावर राहणाऱ्या या माणसाने 5,40,000 डॉलरांचे घर रोख पैशाने घेतले आणि तो जग्वार मोटारीतून कचेरीत येऊ लागला. पत्नीचे माहेर श्रीमंत आहे, एवढ्या खुलाशावर वरिष्ठांचे समाधान झाले. सत्यशोधन-यंत्राच्या दोन परीक्षांतूनही तो सुखरूप बाहेर पडला. फेब्रुवारी 1994 मध्ये तो पकडला गेला तोवर त्याने दाखवून दिलेल्या अनेक हेरांना मृत्युदंड झाला होता.

या आघाताने अमेरिकेचे डोळे उघडले. 1995 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने आर्थिक व्यवहारांच्या प्रकटीकरणास महत्त्व आले, आणि केवळ लैंगिक कलाच्या कारणावरून परवाना नाकारण्यास मनाई झाली. आज तेरा निकषांवर पारख होते. त्यांत वैयक्तिक वर्तन आणि आर्थिक स्थिती यांना स्वतंत्र स्थान आहे. गेल्या सात वर्षांत एकशेवीस दिवसांहून अधिक थकलेली देणी उमेदवाराला नमूद करावी लागतात. परंतु कर्ज असणे हाच दोष मानला जात नाही. आजारपण, बेकारी किंवा घटस्फोट यांनी अडचणीत आलेला माणूस सावकारांशी बोलून प्रामाणिकपणे हप्ते फेडत असेल, तर त्याचा विचार सहानुभूतीने करावा असे त्या नियमांतच नमूद आहे. उलट, लहानशी चूकही जाणूनबुजून दडवली तर ती जड जाते.

सात दशकांच्या या अनुभवातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते असंदिग्ध आहे. राज्याला धोका असतो तो माणसाने दडवून ठेवलेल्या रहस्यापासून आणि त्याच्या अगतिकतेपासून. म्हणून जे राज्य निरुपद्रवी गोष्टींना लांच्छन ठरवते ते आपल्याच सेवकांना भेदरवून शत्रूच्या हाती शस्त्र देते. आणि जे राज्य अडचण निःसंकोचपणे सांगण्यास वाव देते, त्याची गुपिते अधिक सुरक्षित राहतात. चौकशी कठोर अवश्य असावी, पण खरे बोलणाऱ्याची तिने कोंडी करू नये.