लिंबूवर्गीय फळे : मुंबई उपनगरांतील आहार व वापर

लिंबूवर्गीय फळे म्हणजे रूटेसी कुलातील सिट्रस प्रजातीची आंबट-गोड, रसाळ फळे. कागदी लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस, ईडलिंबू आणि महाळुंग ही त्यांतली महाराष्ट्राच्या ओळखीची. बेल, कवठ आणि कढीपत्ता हेही याच कुलातले. पान चुरगळले की दरवळणारा वास ही त्यांच्या नात्याची खूण. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग आहे, इतकी या फळांची इथली ओळख जुनी. मुंबईच्या उपनगरांत यांची शेती नाही, पण अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत लिंबाशिवाय स्वयंपाकघर सापडणे कठीण.

प्रकार व हंगाम : कागदी लिंबू वर्षभर मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा आणि सोलापूरचा परिसर लिंबासाठी प्रसिद्ध आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘साई सरबती’ ही जात दिली. वाशीच्या घाऊक बाजारात उतरलेला माल तिथून उपनगरांतल्या मंडयांत जातो. उन्हाळ्यात सरबतामुळे मागणी चढते आणि नेमकी तेव्हाच आवक घटते, म्हणून भाव भडकतो. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत एका लिंबाला १० रुपये आणि त्याहून जास्त मोजावे लागले होते.

नागपुरी संत्रे वर्षातून दोनदा येते : आंबिया बहाराचे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याच्या मोसंबीलाही ते आहे. हिवाळ्यात हातगाड्यांवर उत्तरेकडचा किनूही दिसतो. गडद केशरी, चकचकीत, घट्ट सालीचा आणि बियांनी भरलेला तो किनू. देठाशी किंचित फुगलेले, सैल सालीचे आणि नखाने सहज सुटणारे ते नागपुरी.

पोषण : या फळांचे वैद्यकीय महत्त्व प्रथम समुद्रावर सिद्ध झाले. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर दोघादोघांच्या जोड्या करून सहा उपाय करून पाहिले. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिले, ते सर्वांत लवकर सुधारले. त्यामागचे क जीवनसत्त्व मात्र विसाव्या शतकात हाती आले. त्यावरील कामासाठी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ते सुमारे ५० मिलिग्रॅम असते. एका कागदी लिंबातून दोन मोठे चमचे रस निघाला, तर त्यात जेमतेम १० मिलिग्रॅम मिळते. म्हणजे दिवसाची गरज एकट्या लिंबाने भागत नाही. त्यासाठी संत्रे हवे किंवा या जीवनसत्त्वात संत्र्याला मागे टाकणारा पेरू हवा.

आरोग्यलाभ : लिंबाचा मोठा गुण म्हणजे ते दुसऱ्या अन्नाचे चीज करते. पालेभाज्या, डाळी आणि पोहे यांतले लोह शरीराला सहज घेता येत नाही. क जीवनसत्त्व आणि लिंबातील आम्ल ते आतड्यात विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात ठेवतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) आढळले. त्यामुळे वरणभातावर पिळलेल्या लिंबाच्या फोडीला चवीपलीकडचे मोल आहे, आणि जेवणासोबत संत्रे खाल्ले तर हा लाभ वाढतो.

सकाळच्या पोह्यांचे उदाहरण बोलके आहे. लिंबू पिळलेल्या पोह्यांबरोबर लगेच चहा घेतला, तर चहातील टॅनिन लोह अडवते. चहा तासाभराने घ्यावा. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने लिंबूही गॅस बंद केल्यावरच पिळावे.

लिंबाच्या रसातील सायट्रेट लघवीत कॅल्शियमचे खडे बनण्यास अटकाव करते. काही प्रकारच्या मूतखड्यांत डॉक्टर लिंबूपाणी सुचवतात ते यासाठी. सकाळच्या कोमट लिंबूपाण्याने चरबी वितळते, हा समज मात्र खरा नाही. अख्खे संत्रे आणि त्याचा गाळलेला रस यांतही फरक आहे : रसात तंतू जवळपास उरत नाहीत आणि साखर लवकर पोटात जाते. मधुमेहींनी रसापेक्षा मोजक्या फोडी खाणे चांगले.

स्वयंपाकघरात : लिंबू आधी ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवतात, मग देठाच्या रेषेत न कापता जरा कडेने चिरतात, मधला दांडा टळतो आणि रस मोकळा सुटतो. ताटात मीठ, लिंबू, लोणचे डाव्या हाताला. मीठ आणि आम्ल यांच्या जोरावर लिंबाचे लोणचे तेलाशिवायही टिकते. तापातून उठलेल्याच्या मऊ भाताबरोबर त्याचीच मुरलेली फोड देतात. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून आणलेल्या मासळीला हळद-मीठ-लिंबू लावतात, कारण मासळीचा उग्र वास देणारी अमाईन द्रव्ये आम्लाने निष्प्रभ होतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत खमणासाठी ‘लिंबाची फुले’ म्हणजे दाणेदार सायट्रिक आम्ल वापरतात. आज ते मुख्यतः फळातून न काढता बुरशीच्या साहाय्याने साखरेपासून बनवतात.

घरात : पिळून उरलेल्या सालीवर मीठ घेऊन घासले की तांब्या-पितळेची भांडी उजळतात, आम्ल धातूवरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते. भांडे लगेच धुऊन कोरडे करावे. घराबाहेर, दृष्ट लागू नये म्हणून शनिवारी दुकानांच्या आणि रिक्षांच्या पुढे लिंबू-मिरची बांधली जाते.

रस्त्यावर : स्थानकाबाहेरचे मोसंबी ज्यूसचे दुकान आणि काळे मीठ घातलेले लिंबू सरबत ही उन्हाळ्यातल्या प्रवाशांची सोय. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकावर अस्वच्छ पद्धतीने सरबत बनवतानाची चित्रफीत पसरल्यावर मध्य रेल्वेने स्थानकांवर खुल्या लिंबू सरबताच्या विक्रीला बंदी घातली. धोका लिंबाचा नव्हता, पाण्याचा होता. आम्लामुळे दूषित पाणी सुरक्षित होत नाही; पाणी आणि बर्फ कुठला, हे विचारायलाच हवे.

दक्षता : आम्लाने दातांचे कवच झिजते. म्हणून सरबतानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये. हातावर लिंबाचा रस असताना कडक उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. पपनस गणपतीच्या दिवसांत बाजारात येते, जुहूच्या किनाऱ्यावर छठपूजेच्या सुपातही असते. त्याच्यात आणि त्याच्या नात्यातल्या ग्रेपफ्रूटमध्ये असलेली फुरॅनोकुमारिन द्रव्ये काही औषधांचे आतड्यातले विघटन रोखतात आणि औषधाचा अंश रक्तात वाढतो. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी पपनस सोलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.