विंटेज कारमध्ये कोणतं इंजिन ऑइल घालायचं? सगळ्यात महागडा डबा घेऊन काम का भागत नाही?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उतरल्या. काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली, तिच्यावर भरपूर पोस्ट पडल्या, रील्स झाल्या. पण खासगी पद्मिनी, फियाट ११०० आणि ॲम्बेसेडर अजूनही अनेकांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या आहेत. कुणाला आजोबांची गाडी मिळालीये, कुणी हौसेने जुनी घेऊन उभी केलीये.

अशा गाडीच्या रंगावर, क्रोमवर आणि सीटवर लाखभर रुपये सहज खर्च होतात. इंजिन ऑइलची वेळ आली की मात्र दोनच प्रकार दिसतात. एक तर दुकानदार देईल तो डबा ओतायचा, नाहीतर ‘गाडीवर प्रेम आहे’ म्हणून सगळ्यात महागडं फुल सिंथेटिक आणायचं. जुन्या इंजिनसाठी हे दोन्ही प्रकार धोक्याचे ठरू शकतात.

इंजिन गेलं तर फक्त खर्च वाढतो का?

नाही, कागदपत्रांचाही प्रश्न येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज मोटर व्हेईकल’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नको. ‘पद्मिनी’ हे नाव आलं १९७४ मध्ये. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता कुठे या व्याख्येत बसायला लागल्यात. (विंटेज कारचे क्लब मात्र ‘विंटेज’ हा शब्द साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांसाठीच वापरतात. त्यांच्या लेखी पद्मिनी ‘क्लासिक’सुद्धा महत्प्रयासानेच!)

त्यामुळे मूळ इंजिन निकामी झालं आणि त्याजागी दुसऱ्याच गाडीचं बसवलं, तर गाडी चालू होईल, पण तिचं विंटेजपण अडचणीत येईल. मूळ कॅमशाफ्ट किंवा टॅपेट मिळवताना चोर बाजारापासून कोइम्बतूरपर्यंत फोन फिरवावे लागतात, ते वेगळंच.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

२०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० हे आकडे ऑइलचा दाटपणा सांगतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. नंतरचा आकडा जितका मोठा, तितकं गरम झालेलं ऑइल दाट.

पहिल्या आकड्याचं फार कौतुक होतं, पण त्याची चाचणी कुठे होते ते बघा. २०डब्ल्यू ऑइल थंडीत इंजिन फिरू देतं का, हे उणे १५ अंशांवर तपासतात. ५डब्ल्यूसाठी तेच तापमान उणे ३० अंश असतं. आपल्याकडे महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीतही पारा तिथवर जात नाही. त्यामुळे ‘५डब्ल्यू घ्या, स्टार्टिंग भारी होईल’ या सल्ल्याचा काश्मीर किंवा लडाखमध्ये उपयोग आहे, परळ किंवा परभणीत फारसा नाही.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं, कारण त्यांच्या इंजिनात भागांमधली फट फार बारीक असते आणि कंपनीला मायलेज हवं असतं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन किंवा ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन वेगळ्या काळातलं आहे. तिथे बेरिंगची फट मुळातच मोठी, त्यात इतक्या वर्षांची झीज. पातळ ऑइल त्या फटीतून भराभर निसटतं. मग प्रेशर पडतं, आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो आणि जुन्या पॅकिंगमधून, ऑइल सीलमधून गळती सुरू होते.

म्हणून या गाड्यांसाठी आपल्या हवेत साधारण २०डब्ल्यू-४० हा सुरक्षित पर्याय मानतात. इंजिन बरंच चाललेलं असेल, थोडंफार ऑइल खात असेल किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात चालवायचं असेल, तर २०डब्ल्यू-५०. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला ग्रेड आधी बघायचा. मात्र प्रेशर दाखवत नाही म्हणून आणखी दाट, आणखी दाट करत जाणं चुकीचं. त्याने काट्यावरचा आकडा सुधारतो, बेरिंगची झीज तशीच राहते. शिवाय थंड इंजिनात ते दाट ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ घेतं.

झिंकची भानगड नेमकी काय आहे?

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात.

पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि त्या काळातल्या बहुतेक इंजिनांमध्ये कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा एका सपाट टॅपेटवर घासत जातो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आजच्या अनेक इंजिनांमध्ये त्या जागी फिरणारा रोलर असतो, इथे मात्र धातूवर धातू सरकतो. स्प्रिंगचा सगळा दाब एका बारीक रेषेवर येतो आणि ऑइलचा थर तिथे टिकत नाही. अशा वेळी कामी येतं झिंक आणि फॉस्फरसचं एक संयुग, ज्याला झेडडीडीपी म्हणतात. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर एक पातळ संरक्षक थर तयार करतं. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

अडचण अशी झाली की हाच फॉस्फरस आजच्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. म्हणून ऑइलच्या नव्या मानकांमध्ये त्याचं प्रमाण कमी होत गेलं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय ‘एसएम’ दर्जापासून ती मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. तिथून ‘नवं ऑइल म्हणजे जुन्या इंजिनचं मरण’ ही समजूत पसरली.

यात एक गोष्ट हमखास सुटते. ही वरची मर्यादा सरसकट सगळ्या ऑइलना नाही. ती लागू होते ती ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० त्या मर्यादेच्या बाहेर आहेत, त्यामुळे त्यात कंपनी जास्त झिंक ठेवू शकते आणि अनेकदा ठेवतेही. म्हणजे योग्य दाटपणा निवडला की झिंकचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलची टेक्निकल डेटा शीट शोधायची. झिंक-फॉस्फरसचे आकडे अनेकदा त्यात दिलेले असतात.

वरून झिंकची वेगळी बाटली ओतायची का? शक्यतो नको. ऑइलमधली रसायनं एकमेकांशी तोलून बनवलेली असतात आणि झिंक प्रमाणाबाहेर गेलं तर त्यानेही नुकसान होतं. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे बसवले असतील, तर सुरुवातीच्या धावेसाठी खास ‘ब्रेक-इन’ ऑइल वापरावं, ते वेगळं प्रकरण आहे.

आणखी एक सापळा. डब्यावर जुन्या गाडीचं चित्र आहे आणि मागे बारीक अक्षरात दर्जा एपीआय ‘एसए’ लिहिलाय, तर डबा खाली ठेवा. ‘एसए’मध्ये कुठलीच संरक्षक रसायनं नसतात. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांसाठी ते योग्य नाही, असं एपीआय ही संस्था स्वतःच सांगते.

आणि सिंथेटिक? ते वाईट नसतं, सील खाऊन टाकतं हीही जुनी भीती आहे. पण वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ऑइल खराब होतं ते उभं राहून. अशा वेळी चांगलं मिनरल ऑइल घालून ते लवकर बदललं तर काम होतं आणि पैसेही वाचतात.

गाडी उभीच असते, मग ऑइल का बदलायचं?

उभी असते म्हणूनच. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पूर्ण तापलं की ती उडून जाते. पण ‘दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या मालकाच्या गाडीत ती वाफ ऑइलमध्येच उतरते. चोक ओढलेला असतो, त्यामुळे न जळलेलं पेट्रोलही खाली झिरपतं. पाणी, पेट्रोल आणि जळण्यातून आलेली आम्लं यांचं मिश्रण महिनोन्‌महिने बेरिंगवर बसून राहतं. स्टार्ट करायचीच असेल तर अर्धा तास फिरवून आणावी, नाहीतर तशीच राहू द्यावी. टेम्परेचरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

३,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हा हिशोब बऱ्याच जुन्या गाड्यांना लागू पडतो. कोकणात किंवा मुंबईत गाडी पावसाळाभर झाकून ठेवत असाल, तर ऑइल मेअखेरीला बदलावं, गणपतीनंतर नाही. चार महिने इंजिनात आम्लाळलेलं ऑइल राहण्यापेक्षा ताजं राहिलेलं बरं.

मधूनमधून डिपस्टिक काढून तिचा वासही घ्यायला हवा. पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढलीये, तर इंजिनवर बसवलेल्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट चेंबरमध्ये जात असण्याची शक्यता आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे हा पडदा तपासणं जास्तच गरजेचं झालंय. असं आढळलं तर गाडी स्टार्ट करू नका. पंप दुरुस्त झाल्याशिवाय नवं ऑइल घालूनही उपयोग नाही.

बदलताना काय सांभाळायचं?

गाडी वीसेक मिनिटं चालवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग सपाट जागा, चाकांना अडण आणि शक्यतो खड्डा असलेलं गॅरेज. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, जॅकस्टँड लावायचेच.

खाली गेल्यावर बोल्ट नक्की चेंबरचाच आहे ना, हे बघा. गिअरबॉक्सचाही वेगळा ड्रेन बोल्ट असतो आणि घाईत तो उघडून गिअर ऑइल सांडल्याचे किस्से गॅरेजवाल्यांकडे हमखास असतात. ब्रिटिश मिनीत मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, तिथे हा गोंधळच नाही.

पाना बरोबर मापाचा हवा. निघालेलं ऑइल पसरट भांड्यात धरून उजेडात बघा. आधी पाणी आलं किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं झालेलं असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तांबूस किंवा चंदेरी कण चमकत असतील, तर बेरिंग झिजतंय. बोल्टचा कॉपर वॉशर नवा घालून बोल्ट बेताने आवळायचा, आटे गेले तर मोठं काम निघतं.

फिल्टरची रचना गाडीगणिक बदलते. वाटीच्या आत घालायचा फिल्टर असेल, तर खाचेतली जुनी रबर रिंग आधी खरवडून काढा. तिच्यावर नवी बसवली की तिथून ऑइल वाहणारच.

भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ओतून डिपस्टिकवर पातळी बघत जायचं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. शेवटी इग्निशन कॉइलची वायर काढून सेल्फ मारायचा, किंवा सोय असेल तर इग्निशन बंद ठेवून हँडल फिरवायचं. सेल्फ मारताना ऑइलचा दिवा विझला की वायर जोडून इंजिन सुरू करा. थोड्या वेळाने बंद करून पातळी पुन्हा बघा, नव्या फिल्टरने थोडं ऑइल घेतलेलं असतं.

एक शंका नेहमी असते: कित्येक वर्षं उघडलंच नाही अशा इंजिनात आधुनिक ऑइल घातलं तर गाळ सुटून नळ्या तुंबतील का? असं होऊ शकतं. म्हणून अशी गाडी विकत घेतल्यावर आधी चेंबर उतरवून, त्यातली जाळी साफ करून घ्यावी. त्यानंतरचे पहिले दोन बदल पाचशे-पाचशे किलोमीटरवर करावेत. ‘फ्लशिंग’ची बाटली ओतून दहा मिनिटांत काम उरकण्याचा मोह टाळलेला बरा.

निघालेलं काळं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, गेटच्या बिजागऱ्यांनाही लावू नका. त्वचेलाही ते वाईट, त्यामुळे ग्लोव्हज घाला. बंद कॅनमध्ये भरून सर्व्हिस सेंटरला द्या, तिथून ते अधिकृत रिसायकलरकडे जाऊ शकतं. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडा, नाहीतर त्याच डब्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा कुणाच्या तरी हातात पडतो.