पेटी लहान झाली, वॅट वाढले
१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत वेस्टर्न इलेक्ट्रिकचे अजस्र कर्णे वाजत. त्या कंपनीची अँप्लिफायरमधली प्रसिद्ध ३००बी निर्वात नळी एकटी जेमतेम ८ वॅट देई, आणि तेवढ्या शक्तीवर संवाद मागच्या रांगेपर्यंत पोहोचत, कारण कर्णा मिळालेल्या विजेचा मोठा हिस्सा आवाजात उतरवत असे. घराला मात्र कर्णा परवडत नव्हता. जागा कुठून आणणार? १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या एआर-१ या हवाबंद पेटीच्या स्पीकरने तो पेच सोडवला. छोट्या पेटीतून खोल खर्ज आला, पण संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटमागे मिळणारा आवाज, घटली. ती ३ डेसिबलने उतरली की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलने उतरली की दहापट. म्हणून वॅटची भूक मुळात स्पीकरची आहे, असे मला ठामपणे वाटते.

यावर कोणी म्हणेल, ही सारी जाहिरातदारांची करणी. आकडे फुगवले गेले हे खरेच. म्हणून तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाला १९७४ मध्ये शक्तिमापनाचा नियम करावा लागला. पण फुगवट्यामागची गरज खोटी नव्हती. जास्त वॅट स्पीकर जाळतात, हा आक्षेपही अर्धाच खरा. कमजोर अँप्लिफायर कुवतीबाहेर ताणला की ध्वनिसंकेताचे माथे छाटले जातात, आणि त्यातून वाढलेल्या उच्च कंपनांनी नाजूक ट्वीटर जळू शकतो. तेव्हा होम थिएटरचा रिसीव्हर निवडताना आधी स्पीकरची संवेदनशीलता आणि ओहम वाचा, खोली मोजा; वॅटचा आकडा त्यानंतर पाहा.