गुरांच्या हक्कानें राखलेलें रान

लंडन शहराच्या ईशान्येस एपिंग नांवाचें सुमारें ६,००० एकरांचें अरण्य आहे. रविवारीं तेथें सहकुटुंब हिंडावयास जाणाऱ्या लंडनकरास हें रान आपल्यासाठींच राखलें आहे असें वाटतें, आणि कायद्याचेंही म्हणणें तसेंच आहे. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं तो न्यायासनापुढें उभा राहिला असता, तर त्यास रिक्तहस्तें परतावें लागलें असतें. मोकळ्या जागेंत फिरून मन रमविण्याचा लोकांस हक्क असतो, ही कल्पना तत्कालीन इंग्रजी कायद्यास मान्य नव्हती. हक्क होता तो गुरांना चरण्याचा !

हें रान मुळांत राजाच्या मृगयेचें. जमीन निरनिराळ्या जमीनदारांची, शिकार राजाची आणि चराई भोंवतालच्या खातेदारांची, अशी तिहेरी व्यवस्था तेथें शतकानुशतकें नांदत होती. आपल्याकडील गायरानांच्या तंट्यांची ज्यांस माहिती आहे, त्यांस ही गुंतागुंत नवी वाटणार नाहीं. पुढें राजघराण्यास मृगयेची गोडी उरली नाहीं. तेव्हां सरकारनें आपले हक्क जमीनदारांस विकण्यास आरंभ केला आणि जमीनदारांनीं कुंपणें घालण्यास. शेजारच्या हेनॉल्ट अरण्याचें अरण्यपण तर इ. स. १८५१ च्या कायद्यानेंच संपलें, व तेथील बहुतेक झाडें थोड्याच अवधींत आडवीं झालीं.

एपिंगच्या रानांतील लाउटन गांवच्या रहिवाशांस हिंवाळ्यांत सरपणासाठीं फांद्या छाटण्याचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं पहिली कुऱ्हाड पडली नाहीं तर हा हक्क बुडतो, अशी समजूत होती. एके वर्षीं त्याच रात्रीं मेजवानी देऊन सर्व लाकूडतोड्यांस मद्यांत गुंगवून ठेवण्याचा घाट घातला गेला; परंतु टॉमस विलिंगेल नांवाचा एक म्हातारा बाराच्या सुमारास हळूच निसटला आणि फांदी तोडून घेऊन परतला, असें सांगतात. गोष्ट रंगविलेली असेल. माणूस मात्र खरा. गांवचा जमीनदार स्वतः धर्मोपदेशक होता. त्यानें रान कुंपणांत घातलें तरी विलिंगेलच्या घरच्यांनीं कुऱ्हाडी खालीं ठेवल्या नाहींत. १८६६ सालीं त्याच्या नातलगांपैकीं तिघांस तुरुंगाची वाट धरावी लागली. सामायिक जमिनींच्या रक्षणार्थ नुकतीच निघालेली एक संस्था त्याच्या पाठीशीं उभी राहिली व दावा लागला. परंतु १८७० सालीं म्हातारा वारला आणि त्याच्याबरोबर दावाही निकालावांचून संपला.

आतां लढावयाचें कोणीं ? येथें दैवानें एक विलक्षण योग आणला. लंडनच्या नगरसंस्थेनें दफनभूमीसाठीं अरण्याच्या कडेची एक शेतवाडी पूर्वींच विकत घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर रानांत गुरें चारण्याचा हक्कही तिच्या पदरीं आला होता. त्या आधारावर नगरसंस्थेनें १८७१ सालीं फिर्याद केली. प्रत्येकानें आपापल्या जमीनदाराच्या हद्दींतच चारावें, असा प्रतिवादींचा बचाव होता. न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनीं तो फेटाळला. गुरें पूर्वापार साऱ्या रानांत मोकळीं हिंडत आलीं आहेत, सबब हक्क सबंध रानावर आहे, असा निर्णय त्यांनीं १८७४ सालीं दिला. आणि मागील वीस वर्षांत घातलेलीं कुंपणें बेकायदेशीर ठरलीं.

१८७८ च्या कायद्यानें हें अरण्य नगरसंस्थेच्या स्वाधीन झालें. तें लोकांच्या विहारासाठीं मोकळें ठेवावें, त्यास कुंपण घालूं नये, त्यावर इमारती बांधूं नयेत, व त्याचें नैसर्गिक रूप राखावें, अशीं बंधनें खुद्द रक्षकांवरच घातलीं गेलीं. १८८२ च्या ६ मे रोजीं व्हिक्टोरिया राणीनें तेथें येऊन रान लोकांस अर्पण केलें. फांद्या छाटण्याचा हक्क मात्र ह्याच व्यवस्थेंत नाहींसा झाला ! भरपाईच्या पैशांतून लाउटनमध्यें १८८४ सालीं एक सभागृह उभें राहिलें. व्याख्यानें ऐकावयास जागा झाली खरी. पण सरपणावर ज्यांची चूल पेटत होती, त्यांच्या पदरांत त्यानें काय पडलें, हा प्रश्न उरतोच.

पुढें लंडनभोंवतीं एम्-२५ हा मोटाररस्ता निघाला, तेव्हां एपिंगजवळ बेल कॉमन येथें तो खणून खालीं उतरविला, वर छत घातलें आणि त्यावर माती पसरली. १९८४ पासून तेथें खालून मोटारी धांवतात आणि वर हिरवळीवर क्रिकेटचा डाव चालतो.