दाढीची दहा मिनिटं

सकाळच्या घाईत सगळ्यांत आधी कशावर काट मारली जाते, असं कोणत्याही नोकरदार पुरुषाला विचारा. दाढीवर, असंच तो सांगेल. चहा सुटत नाही, आंघोळ सुटत नाही, पेपरवरही एक नजर फिरतेच. दाढी मात्र 'आज राहू दे, उद्या पाहू' म्हणत राहून जाते. मी स्वतः अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत पंचवीस वर्षं अपडाऊन केलं. सकाळची गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे हनुवटीवर कापलेल्या जागी पेपरचा कपटा चिकटवून मी अनेकदा वर्गावर गेलो आहे. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं होतं, "सर, आजची बातमी काय हाय?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो.

तर आज या दाढीविषयीच बोलायचं आहे. पण घाईची तक्रार करायची नाही. आरशासमोरची ती दहा मिनिटं आपल्या मालकीची कशी झाली, हे सांगायचं आहे. कारण माझ्या आजोबांकडे ती नव्हती. आणि आपल्याच गावातल्या कितीतरी लोकांकडे तर ती वेगळ्याच अर्थानं नव्हती.

आमचं मूळ गाव दर्यापूर तालुक्यातलं. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, आजोबांची दाढी आठवड्यातून एकदा व्हायची. अंगणात कडुनिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरलं जाई. गावचे न्हावी काखेत धोकटी घेऊन येत. त्या धोकटीत काय काय असे! वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, धार लावायची पथरी, चामड्याचा पट्टा, पितळेची वाटी आणि एक छोटा आरसा. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात याच आरशाला विवेकाचं रूप दिलं आहे. आम्हा पोरांना विवेकाशी कर्तव्य नव्हतं. त्या आरशाचा कवडसा भिंतीवर नाचवायला मिळाला, की आमचं भागे.

दाढीला साबण नसे. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून ते आजोबांचे गाल बराच वेळ चोळत. केसांत पाणी मुरलं की केस मऊ पडतो आणि वस्तरा ओढत नाही, हे शास्त्र त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. चोळता चोळता गावच्या बातम्या चालत. कोणाच्या घरी सोयरीक आली, कोणाचा बैल गेला, सगळं. या कामाचे पैसे नव्हते. ते बलुतेदार. सुगीला खळ्यावर ज्वारी मापून मिळे, तेवढ्यावर वर्षभर सगळ्या घरच्या हजामती. शिवाय लग्नकार्यातली कामं वेगळी.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. न्हावी आजोबांपेक्षा वयानं मोठे होते. पण आजोबा त्यांना 'अरे' म्हणत आणि ते आजोबांना 'जी' म्हणत. एकदा मी त्यांना 'काका' म्हटलं, तर घरच्या मोठ्या माणसांनी डोळे वटारले. न्हावी मात्र गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "म्हनू द्या जी. लेकराले काय समजते!" लेकराला जे समजलं होतं, ते मोठ्यांना समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. हे न्हावी गावातल्या सगळ्या आळ्यांत जात, पण दलित वस्तीत जात नसत. तिथल्या लोकांची दाढी कोण करतं, असं मी एकदा विचारलं. "त्यायचं ते पाहतात," एवढंच उत्तर मिळालं. ते कसं पाहत असतील, हे मला मोठेपणी वाचनातून कळलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. न्हाव्याला पैसे देण्याची ऐपत होती, पण कोणताही न्हावी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला तयार नव्हता. म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे, आणि भावांवर सराव करून करून तिचा हात त्यात चांगला बसला होता. सुभेदाराच्या घरची ही कथा. मग खेड्यातल्या मजुराचं काय होत असेल?

नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न गाजत होता. त्यासाठी अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. देवळाच्या दाराचा झगडा इतिहासाच्या पुस्तकात आला, आणि तो यायलाच हवा. कडुनिंबाखालच्या पोत्याचा झगडा मात्र फारसा कुठे लिहिला गेला नाही. तो रोजचा होता, म्हणून तो दिसला नाही.

इथे न्हाव्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही. त्यानं दलित वस्तीत धोकटी उघडली असती, तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. वस्तरा त्याच्या हातात होता, पण त्याचा हात गावाच्या मुठीत होता. तो हात मोकळा झाला तेव्हा त्यानं काय केलं, याचंही उदाहरण आहे. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवून संप केला. त्यामागे सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्या बाईचं डोकं भादरायचं तिला कोणी विचारत नव्हतं. ज्यानं भादरायचं त्यानं 'नाही' म्हटलं.

याच लोखंड्यांचं दुसरं ऋण तर आपण दर आठवड्याला भोगतो. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून त्यांनी काही वर्षं चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. आज रविवारी सलूनमध्ये बसून ही पुरवणी कोणी वाचत असेल, तर त्याचा रविवार आणि न्हाव्याचा स्वाभिमान हे दोन्ही एकाच वर्षाचे, एकाच माणसाशी जोडलेले आहेत.

आता घाई कुठून आली, ते पाहू. आजोबांना घाई नव्हती, कारण गावाला घड्याळ नव्हतं. न्हावी सकाळी आले तर सकाळी, दुपारी आले तर दुपारी. शिवाय वारांचे नियम होते. शनिवारी वस्तरा नको, अमावास्येला नको, श्रावणात तर नकोच. पण १८६७ मध्ये अकोल्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली आणि वऱ्हाडात मिनिटांचा हिशेब सुरू झाला. कापसाबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, त्यांचे भोंगे आले. कचेऱ्या, कोर्ट, शाळा यांच्या वेळा ठरल्या. भोंग्याच्या वेळी हजर राहायचं, तर न्हाव्याची वाट पाहून कसं चालेल?

या अडचणीवरचा तोडगा सातासमुद्रापलीकडे निघाला. अमेरिकेतला किंग कँप जिलेट हा फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत काम करताना त्यानं एक गोष्ट हेरली होती. वापरून फेकून द्यायची वस्तू असली, की गिऱ्हाईक पुनःपुन्हा येतं. १८९५ च्या सुमारास दाढी करताना त्याला सुचलं, की धार लावत बसण्यापेक्षा पातळ पातंच बदलता आलं तर? इतकं पातळ पोलाद कडक करणं कठीण होतं. विल्यम निकरसन नावाच्या अभियंत्यानं ते जमवलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि विक्री हजारोंवर गेली. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकी सरकारनं आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, म्हणून खंदकातही गुळगुळीत गाल आवश्यक झाले. सैनिक घरी परतले ते ही सवय घेऊनच.

आमच्या घरात ही सवय वडिलांनी आणली. ते अकोल्यात नोकरीला लागले आणि पहिल्या पगारातून रेझर घेऊन आले. आजोबांना ते आवडलं नाही. आपल्या हातानं आपली दाढी, हे त्यांना कमीपणाचं वाटे. वडिलांचं उत्तर मला अजून आठवतं. "आबा, मी कोणाले बोलवत नाही अन् कोणाची वाट पाहत नाही. यात कमीपणा कायचा?" त्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही. दुकानात कोणीही जावं आणि रेझर विकत घ्यावा. दुकानदार जात विचारून ब्लेड देत नाही. ज्याला न्हाव्यानं नाकारलं होतं, त्यालाही आता कोणाच्या होकाराची गरज उरली नाही. पुढे देशी ब्लेड आली, टोपाझ आणि पनामाची पाकिटं पानठेल्यावर मिळू लागली, आणि ही सोय मजुराच्या खिशाला परवडू लागली.

आमच्या भागात मात्र एक अडचण उरलीच होती. ती म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीचं पाणी खारट. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट साका जमतो. वडील गावी आले की आई पिण्याच्या गोड्या पाण्यातला एक पेला त्यांच्या दाढीसाठी बाजूला काढून ठेवी. त्या पेल्यात सगळी दाढी. पेल्याबाहेर एक थेंब जास्त मिळत नसे. अकोल्याच्या उन्हाळ्यात, नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहताना, मला त्या पेल्याचा फार उपयोग झाला.

वडिलांची पद्धत मीही चालवली. घाईच्या माणसांसाठी ती सांगून टाकतो. ब्रश आधी त्या पेल्यात भिजत टाकायचा आणि मगच आंघोळीला जायचं. आंघोळीत दाढीला आपोआप पाणी मुरतं, त्यामुळे न्हाव्याचं चोळण्याचं काम तिथेच होतं. बाहेर आल्यावर ब्रश झटकून साबणावर फिरवायचा आणि गालावर गोल गोल फेस करायचा. यात कंजुषी नको, दोन मिनिटं द्यायचीच. रेझर केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं ओढायचा. दाबायचा नाही, काम धारेला करू द्यायचं. घाई असेल तर एकच हात फिरवावा, उलटी दाढी रविवारी करावी. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. घड्याळ लावून पाहिलं आहे, दहा मिनिटं होतात. मी कापून घेतलं ते नेहमी सातव्या मिनिटाला, गाडीची शिटी ऐकू आल्यासारखी वाटली तेव्हा.

राहता राहिले न्हावी. रेझर आला आणि त्यांचं बुडालं, असं वाटेल. काही प्रमाणात ते खरंही आहे. पण बलुतं सुटलं तेव्हा त्याबरोबर 'अरे'ही सुटलं. आमच्या गावच्या त्या न्हाव्यांचा मुलगा अकोल्याला आला आणि त्यानं सलून टाकलं. भिंतीवर मोठे आरसे, फिरती खुर्ची आणि दरपत्रक. एका रविवारी मी वडिलांना घेऊन तिथे गेलो. गर्दी होती. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बसा काका, तुमच्याआधी तिघं आहेत." त्या तिघांत एक हमाल होता. वडील बाकावर बसले, पेपर उघडला आणि नंबर येईपर्यंत थांबले. आजोबांच्या अंगणात जे घडलं नसतं, ते तिथे अर्ध्या तासात घडलं. कोणी भाषण केलं नाही.

असं सगळीकडे घडलं, असा माझा दावा नाही. काही गावांतून दलितांची दाढी नाकारल्याच्या बातम्या नंतरही येत राहिल्या. पण ज्याच्या कामाला दर आहे आणि ज्याच्या दाराशी नंबर आहे, त्याला माणसांत भेद करणं अवघड जातं, एवढं खरं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सलूनना कुलूप लागलं. महाराष्ट्रात २८ जूनपासून केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला मात्र तेव्हा मिळाली नाही. त्या महिन्यांत मी रोज सकाळी घाई नसतानाही दाढी करायचो. गाडी नव्हती, शाळा नव्हती, कोणी बघणारंही नव्हतं. आणि रोज मला त्या सलूनवाल्याची आठवण यायची. माझी दहा मिनिटं सुरक्षित होती. त्याचा दिवस रिकामा होता. सलून उघडल्यावर मी गेलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, कोणी डोळे वटारणार नाही अशा ठिकाणी, त्याच्या वडिलांचा उल्लेख 'काका' असा केला. तो म्हणाला, "ते असते तं खूश झाले असते."

उद्या सकाळी घाई असेलच. पेलाभर पाणी घ्या आणि दहा मिनिटं काढा. ती साधी वाटतात, पण ती मिळवायला आपल्या समाजाला फार वर्षं लागली आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)