एका सामन्याची कारकीर्द

नागपूरच्या फैज फझलची एकदिवसीय सामन्यांतली सरासरी काढताच येत नाही. धावा 55, आणि बाद एकदाही नाही. छेदात शून्य आलं की भागाकार थांबतो.

15 जून 2016. हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध तिसरा सामना. धोनी कर्णधार. यजमान 123 धावांत आटोपले. तिशी ओलांडलेला फैज के. एल. राहुलबरोबर सलामीला उतरला आणि 61 चेंडूंत नाबाद 55 करून आला. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर भारताची निळी जर्सी त्याला पुन्हा मिळाली नाही.

आपल्या वस्तीत अशा वेळी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘नाव बघितलं असेल, दुसरं काय!’ हा संशय कुठून येतो ते मला ठाऊक आहे, आणि सगळीकडे तो निराधार असतो असंही मी म्हणणार नाही. पण इथे आधी हिशेब मांडू. त्या दौऱ्यावर रोहित, धवन, कोहली यांना विश्रांती होती. ते परतल्यावर सलामीच्या जागा भरल्या. राहुलने त्याच मालिकेत पदार्पणात शतक केलं होतं आणि तो फैजहून साडेसहा वर्षांनी लहान. एवढ्याने निवड समजते. पुराव्याशिवाय केलेला आरोप आपल्या खऱ्या तक्रारींचंही वजन घटवतो, असं मला वाटतं.

शिवाय त्या एका दिवसावर हळहळताना त्याची मोठी कामगिरी मागे पडते. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळत होता, चषक मात्र कधीच नाही. 2017-18 मध्ये फैजने कर्णधार म्हणून 912 धावा केल्या. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला नागपुरात हरवून चषक राखला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आणला. गुरबानी, सरवटे, वाडकर, जाफर ही त्या संघातली नावं. नाव बघून कुणी त्यांची वाटणी केली नाही; विदर्भाने त्यांना आपलं म्हटलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये फैज निवृत्त झाला. आपल्या पोरांना हरारेची गोष्ट जरूर सांगा, पण तिथेच थांबू नका. संधी किती मिळाली हे त्याच्या हातात नव्हतं. पुढे काय केलं, ते होतं.